पिवळा दिवा: २०१७ च्या दहा टायर ट्रकच्या कामाच्या नोंदी

२६ डिसेंबर २०२४, गुरुवार

दुपारी अडीचच्या सुमारास गाडी औसा रोडला आपल्या शेडमध्ये लागली. दहा टायर, २०१७ चं मॉडेल, बीएस-४, कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, जास्त दाबाचं डिझेल). किलोमीटर ४,१२,३८०. मालक आप्पा, त्यांच्या दोन गाड्या आणि औशाकडं शेती. ही गाडी लातूरहून तूरडाळ घेऊन सोलापूरला जाते आणि येताना सिमेंट भरून येते.

तक्रार ड्रायव्हर मामांनी सांगितली तशी लिहून ठेवतो. "रिकामी मस्त पळतीय. भरून आलो की तुळजापूरच्या घाटात पिवळा दिवा पेटायलाय आन् गाडी बसायलीय. पेडल दाबा नाहीतर नका दाबू, पंधराच्या वर जात नाही. वर आल्यावर चावी बंद-चालू केली की पुन्हा जशीच्या तशी."

आजवर झालेलं काम: रेल प्रेशरचा सेन्सर नवा, बूस्टचा (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेच्या दाबाचा) सेन्सर नवा, डिझेल फिल्टर दोनदा. दोन गॅरेजं झाली. तिसऱ्या ठिकाणी "ईसीएम गेला", म्हणजे इंजिनचा कंप्युटर गेला, म्हणाले तेव्हा आप्पांनी गाडी इकडं वळवली. आकडा ऐकून त्यांना घाम फुटला होता. "बैलजोडी येईल की रे बाबा तेवढ्यात."

स्कॅनर लावायच्या आधी शेडमधल्या पोराला दम दिला, इरेजला हात लावायचा नाही. दिवा घालवायची घाई सगळ्यांनाच असते. पण कोड (ईसीएमनं नोंदवलेला बिघाडाचा नंबर) पुसला की त्याच्यासोबतची फ्रीझ फ्रेमही जाते. कोड पडला त्या क्षणी इंजिन किती फिरत होतं, लोड किती, वेग किती हे सगळं तिच्यात असतं. साक्षीदार पळवून लावून पंचनामा करायला बसण्यातला प्रकार.

निघालेले कोड:

पी०६४२ : सेन्सरना जाणारा पाच व्होल्टचा पुरवठा 'ए', कमी
पी०१९२ : रेल प्रेशर सेन्सरचा सिग्नल, कमी
पी०२३७ : बूस्ट सेन्सरचा सिग्नल, कमी
पी०११८ : कूलंट तापमान सेन्सरचा सिग्नल, जास्त
पी००८७ : रेलमधलं प्रेशर कमी

पहिल्या तिन्हींची फ्रीझ फ्रेम एकच निघाली: १५२० आरपीएम, लोड ९२ टक्के, वेग २४, कूलंट ८८ अंश. म्हणजे घाट. मामा खोटं सांगत नव्हते.

पी०१९२ आणि पी००८७ ऐकायला सारखेच वाटतात, आणि माझ्या मते रेलचा सेन्सर बदलणाऱ्याची इथंच गफलत झाली. पी००८७ म्हणजे डिझेलचं प्रेशर खरंच पडलं: फिल्टर चोंदला, हवा घेतली, पंप थकला. पी०१९२ म्हणजे प्रेशरचं काय झालं ते ठाऊक नाही, पण वायरीवर जेवढा व्होल्टेज यायला पाहिजे तेवढा येत नाही. एक डिझेलचा आजार, दुसरा विजेचा. पी००८७ ची फ्रेम वेगळी आणि जुनी आहे. मामांना विचारलं तर म्हणाले, पहिला फिल्टर काढला तेव्हा चिखल निघाला होता. तो विषय तिथं मिटला.

उरले तीन 'कमी'. रेलला आणि बूस्टला पाच व्होल्ट एकाच लाइनमधून जातात, आणि त्या लाइनचाच कोड यादीत सगळ्यात वर बसलाय. पेडलचा एकही कोड नाही, कारण पेडलचा पाच व्होल्ट ईसीएममधून वेगळा येतो. एकाच क्षणी दोन चांगले सेन्सर मेले असं मानायचं, की दोघांचं पाणी एकाच नळावर बंद झालं असं मानायचं?

आधीच्या लोकांनी हा कोड पाहिला नसेल असं नाही. पण 'पाच व्होल्ट' नावाचा पार्ट दुकानात मिळत नाही. ज्या कोडाचा पार्ट मिळत नाही तो कुणी वाचत नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

आधी साधं ते. बॅटऱ्या १२.६ आणि १२.५, चार्जिंग २८.१. सेल्फ मारताना इंजिन आणि चेसीमधल्या अर्थ पट्टीवर ०.२ व्होल्टचा ड्रॉप, म्हणजे अर्थ ठीक. ही चार मापं घ्यायला दहा मिनिटं लागतात, तरी लोक घेत नाहीत.

बूस्टचं कपलर (वायरींचा प्लग) काढून चावी ऑन केली आणि पाच व्होल्टच्या पिनवर मीटर लावला. ४.९८. रेलच्या कपलरवरही ४.९८. रेलच्या सिग्नल वायरीवर मागून बारीक पिन सरकवून बघितलं. चावी ऑन, इंजिन बंद असताना ०.५. इंजिन आयडलला १.३. हा सेन्सर ०.५ ते ४.५ व्होल्टमध्ये शून्य ते १८०० बार सांगतो, म्हणजे १.३ ला साधारण ३६० बार. आयडलला तेवढंच पाहिजे. सेन्सर ठणठणीत आहे, आणि मला वाटतं जुनाही ठणठणीतच असणार.

(पोरगं टेस्ट लॅम्प घेऊन आलं होतं. परत पाठवला. बल्बचा टेस्टर हेडलाइटसाठी ठीक आहे. ईसीएमच्या पाच व्होल्टवर तो लावायचा नाही, आणि वायरीचं साल टोचून तर अजिबातच नाही. टोचलेल्या भोकातून पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी तांबं हिरवं होतं.)

मग हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हलवून बघितलं. सेन्सरच्या टोकाला, ईसीएमच्या टोकाला, मधे हात पोचेल तिथपर्यंत. आकडा जागचा हलला नाही. वायरिंग ओके.

पी०११८ लगेच सापडला. कूलंट सेन्सरच्या कपलरचं लॉक तुटलेलं आणि कुणीतरी ते सुतळीनं बांधलेलं. हलवलं की स्कॅनरवर तापमान उणे ४०. हा सेन्सर तापला की रेझिस्टन्स कमी होतो, गार झाला की वाढतो. वायर सुटली की रेझिस्टन्स अनंत, आणि ईसीएम त्याचा अर्थ लावतो की बाहेर सायबेरिया आहे. सेन्सर मोजला: सकाळी अठरा अंशांना पावणेतीन किलोओहम. चांगला आहे. नवं कपलर टाकलं, फाकलेल्या पिना आवळल्या. सेन्सर बदलला नाही. आप्पांना फोन करून हे मुद्दाम सांगितलं, त्यांना तेवढाच आधार.

२८ डिसेंबर, शनिवार

रिकामी गाडी औशापर्यंत नेऊन आणली. दिवा नाही, नवा कोड नाही. अपेक्षाही नव्हती, पण एक गोष्ट खटकली. तिसऱ्या गिअरला पेडल पूर्ण दाबलं की काळा धूर. मामा म्हणाले, बूस्टचा सेन्सर बदलल्यापासून वाढलाय.

शेडमध्ये येऊन इंजिन बंद केलं, चावी ऑन ठेवली, लाइव्ह डेटा उघडला. इंजिन बंद असताना टर्बोही बंद. त्यामुळं बूस्ट सेन्सरनं बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला पाहिजे, ना कमी ना जास्त. लातूर समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे तीस मीटर उंच आहे, इथं हवेचा दाब ९४० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. ईसीएमच्या आत हवेच्या दाबाचा स्वतःचा सेन्सर असतो, तो ९४१ दाखवत होता. बूस्टचा नवा सेन्सर दाखवत होता १०१२.

म्हणजे या सेन्सरच्या हिशेबानं आम्ही चौपाटीवर उभे होतो.

सत्तरचा फरक कोड पाडायला पुरेसा नाही, पण धूर काढायला पुरेसा आहे. ईसीएमला वाटतं हवा जास्त आली, म्हणून ते डिझेल जास्त सोडतं. खरी हवा तेवढी नसते, मग उरलेलं काळं होऊन सायलेन्सरमधून बाहेर. सेन्सरवर छाप, नंबर, डबी सगळं होतं म्हणे. बिल मात्र नव्हतं.

"मामा, जुना सेन्सर टाकून दिलाव का?"

मामांनी सीटमागचा डबा उघडला. पाने, फ्यूज, अंगाऱ्याची पुडी आणि फडक्यात गुंडाळलेला जुना सेन्सर. ड्रायव्हर लोक काही टाकत नाहीत, ही त्यांची सवय मला फार वेळा उपयोगी पडलीय. तोंडाला काजळी जाड बसली होती. क्लीनर मारून, वाळवून बसवला. ९४२.

'खराब' ठरवून काढलेला चांगला होता आणि 'नवा' म्हणून बसवलेला खोटं बोलत होता. आप्पांना सांगितलं तर बराच वेळ फोनवर काही बोललेच नाहीत.

मूळ दुखणं अजून सापडलेलं नाही.

३० डिसेंबर, सोमवार

येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. लातुरात आज शुकशुकाट, सगळे रानात. शेड बंद. आप्पांनी बोलावलं होतं म्हणून पोराला घेऊन त्यांच्या शेतात गेलो. कडब्याची कोप, आत पाच पांडवांचे दगड चुना लावून मांडलेले. भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकर, खीर आणि मडक्यातलं आंबील. आंबील तीन तांबे झालं तेव्हा डोळे मिटायला लागले.

मामाही होते. बांधावर पडल्या पडल्या मी सहज विचारलं, हा दिवा पहिल्यांदा कधी पेटला? तेव्हा ते म्हणाले, "दसऱ्यानंतर. क्लच प्लेट टाकली ना, त्याच्या पुढच्याच खेपेला."

क्लच प्लेटचं आत्तापर्यंत कुणी काही बोललंच नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. मी विचारलं होतं, "सेन्सरचं काय काय काम झालं?" विचारलं तेवढंच उत्तर मिळालं.

क्लच प्लेट टाकायची म्हणजे गिअरबॉक्स खाली. गिअरबॉक्स खाली म्हणजे इंजिनच्या मागच्या बाजूला बेल हाउसिंगवरून (क्लचच्या आवरणावरून) जाणारं हार्नेस क्लिपांतून सोडवावं लागतं. आणि परत बसवताना रात्रीचे अकरा वाजलेले असतात.

३१ डिसेंबर, मंगळवार

सकाळी कॅबिन उचलली. टॉर्च घेऊन बेल हाउसिंगच्या वरच्या अंगाला घुसलो, जिथं २७ तारखेला हात पोचला नव्हता.

तिथं एका ब्रॅकेटला बोटाएवढं रिकामं भोक दिसलं. भोकाभोवती गोल कडं, तेवढाच रंग अजून ताजा, बाकी सगळीकडं तेल आणि धूळ. वर्षानुवर्षं तिथं क्लिप बसलेली होती. ती क्लिप आता नव्हती आणि हार्नेस बोटभर खाली लोंबून ब्रॅकेटच्या कडेवर टेकलं होतं. वरून बघितलं तर नळी धड. हात घालून खालून चाचपली तर नखाला खाच लागली.

पण दिसलं म्हणजे तेच कारण, असं धरायला मी तयार नव्हतो. बूस्टचं कपलर काढून पाच व्होल्टच्या पिनवर मीटर जोडला, चावी ऑन केली, पोराला आकडा वाचत बसवलं. ४.९८. मग टॉमी (लोखंडी पहार) घेतली, इंजिन ज्या रबरांवर बसतं त्या मागच्या फाउंडेशनजवळ अडकवली आणि इंजिन हळूच एका अंगाला उचललं. भरलेली गाडी घाट चढताना इंजिन जसं कलतं, तसं.

"चार नव्वाण्णव... चार अठ्ठ्याण्णव... काका, झिरो!"

टॉमी सोडली, ४.९८. उचलली, ०.०२. सोडली, परत ४.९८. पाच वेळा केलं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटला होता. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा आमच्यासमोर पेटला. पोरानं त्याचा फोटो काढला.

रिकाम्या गाडीत इंजिन फार कलत नाही, म्हणून वायर टेकत नाही. भरलेली गाडी, खालचा गिअर, पूर्ण पेडल, म्हणजे घाट, की इंजिन कलतं. पाच व्होल्टची उघडी वायर ब्रॅकेटला टेकते आणि ईसीएमचा तो पुरवठा बसतो. रेल आणि बूस्ट दोन्हींचा सिग्नल एकदम शून्यावर येतो, ईसीएम घाबरून ताकद कापतं. घाट संपला की वायर सुटते. चावी बंद-चालू केली की सगळं निवळतं.

२७ तारखेच्या नोंदीत मी 'वायरिंग ओके' लिहिलंय. हात पोचला तेवढी वायरिंग ओके होती. ते खोडत नाही, राहू दे तसंच.

शेजारचे चाचा, पंपाचे जुने उस्ताद, बघायला आले. इनलाइन पंपाच्या जमान्यात त्यांना धुराच्या रंगावरून नोझल कळायचं. खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "फाउंडेशन का रबर देखा क्या?" बघितलं. मागचं डावं रबर लोखंडापासून सुटलेलं, उजव्याला भेग. इंजिन एवढं कलत का होतं ते आता कळलं. मी वायरीत एवढा गुंतलो होतो की रबर नजरेतून सुटलं, हे कबूल.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

बॅटऱ्या सोडून काम सुरू केलं. हार्नेसची नळी चिरून उघडली. एकूण तीन वायरी घासलेल्या. पाच व्होल्टची पार तांब्यापर्यंत, तांब्याच्या अर्ध्या तारा तुटलेल्या. शेजारची सेन्सरच्या अर्थची, सालावर फक्त वण. तिसरी बूस्टच्या सिग्नलची, सालीचा पापुद्रा राहिलेला. अजून दोन महिन्यांनी ती गेली असती आणि नवा कोड पडला असता. मग बूस्टचा तिसरा सेन्सर आला असता.

खराब तुकडा कापून त्याच जाडीची नवी वायर जोडली. क्रिम्प (दाबून आवळलेला) जोड, वर गोंदवाली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). काही जण सोल्डर करतात. घरातल्या रेडिओला सोल्डर छान, पण ट्रकच्या थरथरणाऱ्या हार्नेसमध्ये सोल्डर जिथं संपतं तिथंच वायर ताठ होऊन तुटते, म्हणून मी क्रिम्पच करतो. तिन्ही जोड एकाच जागी न घेता पुढं-मागं घेतले, नाहीतर हार्नेसला गाठ येते. नवी कोरुगेटेड नळी, कापडी टेप, आणि त्या रिकाम्या भोकात रबरवाली क्लिप, बोल्ट मारून.

मागची दोन्ही फाउंडेशन रबरं नवी. ते काम चाचांनी केलं.

टॉमी परत लावली. ४.९८ चा आकडा हलला नाही.

आता कोड पुसले.

४ जानेवारी, शनिवार

मामांसोबत सोलापूरला गेलो. स्कॅनर मांडीवर. सोलापूर लातूरपेक्षा दीडशे-पावणेदोनशे मीटर खाली आहे. तिथं चावी ऑन करून बघितलं तर जुना बूस्ट सेन्सर ९५७ आणि ईसीएमचा स्वतःचा ९५६. मला फार बरं वाटलं. मामांना त्यात काय एवढं, असं झालं.

सिमेंटच्या ३२० गोण्या, म्हणजे सोळा टन. संध्याकाळी घाटाच्या पायथ्याला आलो. मामांनी वर तुळजापूरच्या दिशेनं हात जोडले, मग खालचा गिअर टाकला. नेहमी जिथं गाडी बसायची ते वळण त्यांना पाठ होतं. वळण आलं तसं त्यांनी पेडलवरचा पाय आपोआप सैल सोडला.

"दाबा मामा. पूर्ण दाबा."

वेग २८, लोड ९६ टक्के, बूस्ट २२०० च्या पुढं, रेल १४०० बार. दिवा काळाच. मागं आरशात धूरही नाही. वर आल्यावर मामांनी गाडी बाजूला घेतली आणि सवयीनं चावी बंद-चालू केली. कशाला केली म्हणून विचारलं तर हसले.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. मामा गाडी दाखवायला घेऊन आले. घाटातून चार भरलेल्या खेपा झाल्या. स्कॅन केलं, एकही कोड नाही, पेंडिंगही नाही. क्लिप जागेवर, बोल्ट आवळलेला. डिझेलचा ॲव्हरेज सुधारलाय असं मामांचं म्हणणं, पण मी मोजलेला नाही म्हणून इथं लिहीत नाही.

१०१२ वाल्या सेन्सरवर रंगानं फुली मारून तो मी शेडमध्ये ठेवून घेतलाय, चुकून परत कुणाच्या गाडीत जाऊ नये म्हणून. रेलचा काढलेला जुना सेन्सर मामांच्या डब्यात निघाला. तो पाच व्होल्ट देऊन तपासला, ०.५ दाखवतो. निदान शून्याला तरी खरा आहे. चिठ्ठी बांधून त्यांच्याच डब्यात परत ठेवला.

बिल: एक कपलर, वायर, नळी, टेप, क्लिप, दोन फाउंडेशन रबरं आणि मजुरी. आप्पांनी निम्मं आज दिलं. बाकी तूर विकल्यावर.